आत वळवलेले आरसे

“आप्पा म्हणतेत, दोन्ही आरसे आत घे. ह्या वयात नवरदेव झाले जणू. तोंड बघत बघत गाडी चलवायची हाय त्यांना.”

रशीदभाई मिस्त्री गाडीखालून हे म्हणाले आणि चहा पीत उभा असलेला ट्रकवाला हसला. नळदुर्गच्या रस्त्यावरच्या त्या गॅरेजात मी पत्र्याच्या आडोशाला, जुन्या टायरच्या ढिगावर बसले होते. मी तिथं आहे हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. माझ्या बाबतीत असं बरेचदा होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, रस्त्यापलीकडं पाण्याचा डबा भरायला गेले होते. ते परत आले तेव्हा रशीदभाईंनी विषय बदलला आणि गाडीच्या कमानपाट्याबद्दल बोलायला लागले. एक पाटा तडकलाय, जादा लोड घ्यायचा असेल तर नवा टाकूनच घ्या. आप्पा मान हलवत राहिले. डबा खाली ठेवताना तो त्यांनी पान्ह्यांच्या ट्रेवर ठेवला. ट्रे त्यांच्या डाव्या पायाशी होता. सगळे पान्हे खळकन विखुरले आणि ट्रकवाला पुन्हा हसला.

फाल्गुन लागला, ज्वारीची काढणी होऊन रानं उघडी पडली की मला तो आवाज ऐकू येतो. मोठ्या आवाजांपेक्षा हे लहान आवाजच का टिकतात, कुणास ठाऊक.

आमच्याकडं फाल्गुनाला एक ठरलेला वास आहे. भाजलेल्या शेंगदाण्याचा, लिंबाच्या पाचोळ्याचा आणि त्यात मिसळलेला डिझेलचा. अणदूर-नळदुर्गच्या पट्ट्यातली बरीच लिंगायत घरं पाडव्याला श्रीशैलला पोचायचं म्हणून आधीच चालत निघतात. कर्नाटक ओलांडून, आंध्रातल्या डोंगरापर्यंत. पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढलं की झाडाखाली पडायचं, उन्हाच्या कलतीला पुन्हा चालायचं. प्रत्येक गावाच्या चालणाऱ्यांबरोबर एक गाडी असते. तिच्यात पाणी, शिधा, अंथरुणं, ताडपत्री आणि ज्यांचे पाय फुटले त्यांना बसायला जागा. आमच्या गावाची गाडी म्हणजे आप्पांची पिकअप. आधी आजोबा बैलगाडी घेऊन जायचे, मग आप्पा पिकअप घेऊन. गावात कुणी कधी विचारलंही नाही, गाडी कुणाची न्यायची म्हणून.

एरवी वर्षभर तीच पिकअप सोलापूरच्या मंडईत भाजी घेऊन जायची आणि जाताना मला इंग्लिश शाळेत सोडायची. माझ्या युनिफॉर्मला कायम कोथिंबिरीचा वास असे. वर्गातल्या मुली नाक उडवत, मग त्यांनाही सवय झाली. शाळेत मी इंग्रजी बोलायचे, घरी आत्या-आप्पांचं कानडी कानावर पडायचं, गावात मराठी. तीन भाषा आल्या म्हणून मी तिप्पट बोलले असते असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. कुठल्या भाषेत सुरुवात करावी हे ठरेपर्यंत समोरच्याचं बोलून संपलेलं असायचं.

गाडीत मात्र मला एक काम होतं. डावीकडच्या सीटवर बसून मी आप्पांची क्लीनर होते. अरुंद पुलावर, बाजारातल्या गर्दीत ते विचारायचे, “डावीकडं?” आणि मी खिडकीतून डोकं काढून सांगायचे, “मोकळं.” कधी “थांबा,” कधी “येऊ द्या.” गाडी माझ्या शब्दावर हलायची. इतकी मोठी वस्तू माझं ऐकते याचं मला फार अप्रूप होतं. मग मी मोठी झाले, कॉलेजला सोलापुरातच राहिले आणि तो खेळ आपोआप बंद पडला.

त्या वर्षी पदवीची परीक्षा देऊन मी घरी आले होते. गाडीत बसले, तर पहिल्याच वळणाला आप्पांनी विचारलं, “डावीकडं?”

मला भरून आलं. यांनी आठवण ठेवली, असं वाटलं. पुढचे कितीतरी दिवस मी आनंदानं “मोकळं, मोकळं” म्हणत राहिले.

गाडीची तयारी म्हणजे घरातल्या लग्नासारखी असायची, फक्त नवरी म्हातारी. गॅरेजातून पाटे, ब्रेक, पंख्याचा पट्टा असं सगळं होऊन पिकअप अंगणात येई. मग हौद्यात पाण्याची काळी टाकी बांधायची, लोखंडी पाइपांवर हिरवी जाळी ताणायची, टपावर भजनांचा कर्णा लावायचा. आई आणि शेजारच्या बायका चुलीपुढं बसून कडक भाकरी करायच्या. पापडासारख्या वाळलेल्या त्या भाकऱ्या दुरडीत रचताना पत्र्यासारख्या वाजायच्या. उखळात शेंगदाण्याची चटणी. एका डब्यात एरंडेल आणि जुन्या धोतरांच्या चिंध्या, फुटणाऱ्या टाचांसाठी. हे सगळं वेळेत व्हावं म्हणून सगळ्यांवर ओरडायला गंगाआत्या.

गंगाआत्या आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती गावातच राहिली. दर वर्षी ती अनवाणी चालत जायची, आणि तिची चालायची जागा ठरलेली होती. पिकअपच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या थोडं पुढं, हौद्याच्या फळीला हात लावून. थकलेल्या म्हाताऱ्या बायका अशाच चालतात. पहाटेच्या अंधारात गाडी माणसाच्या चालीनं चालते आणि दोन्ही बाजूंनी माणसं तिला धरून चालतात. फळी धरली की पाय आपोआप पुढं पडतात, आत्या म्हणायची. निम्मं मल्लय्या नेतो, निम्मं मल्ल्या. मल्लय्या म्हणजे श्रीशैलचा देव आणि मल्ल्या म्हणजे आप्पा, दोघंही मल्लिकार्जुन.

माझ्यावर तिचा विशेष राग होता की जीव, ते मला कधी कळलं नाही. शेंगदाणे निवडताना ती बायकांना सांगायची, “आमच्या मॅडमला बोलायला लावू नका गं. त्यांचं बोलणं लई महाग हाय. मोजून देतेत.” बायका हसायच्या. मीही हसायचे. हसायला भाषा लागत नाही.

त्या वर्षी अजून एक गोष्ट सुरू झाली होती. गाडी चालू करण्याआधी आप्पा तिला प्रदक्षिणा घालायला लागले होते. उजव्या दारापासून निघायचे, तळहात पत्र्यावरून सरकवत मागं जायचे, चाकाशी वाकायचे, टायर चाचपायचे, फळीच्या कडेनं हात फिरवत डावीकडून पुढं येऊन हेडलाइटला हात लावायचे, मग तोच हात छातीला. लिंगायत माणूस गळ्यातल्या लिंगाला हात लावतो तसा. लोकांनी ते पाहिलं. आप्पांची भक्ती वाढली, लोक म्हणाले. एवढी वर्षं ही गाडी देवाला जाते, तिच्यात देव आला नसेल तरच नवल. एके दिवशी आत्यानंही तशीच प्रदक्षिणा घातली. मग शेजारच्या बायकांनी. संध्याकाळी अंगणात माणसं रांगेनं पिकअपभोवती फिरताना मी पाहिली, पत्र्यावर हात, डोळे मिटलेले.

आप्पा ओट्यावर बसून समोर बघत होते. त्यांच्या डाव्या हाताशी आईनं ठेवलेला चहा गार झाला होता. आई आतून आली, तिनं पेला उचलून त्यांच्या थेट समोर ठेवला, आणि त्यांनी लगेच घेतला.

मी आईकडं पाहिलं. आईनं माझ्याकडं पाहिलं नाही.

एकदा दिसायला लागलं की मग सगळीकडं तेच दिसतं. दाराच्या चौकटीला लागून त्यांच्या खांद्यावर काळे-निळे डाग होते. बाजूनं कुणी बोललं की ते पूर्ण मान वळवायचे. समोरचं मात्र त्यांना सगळं दिसायचं. पेपर वाचायचे. सुईत दोरा ओवून पोतं शिवायचे. सकाळी पूजेला बसले की तळहातावरच्या लिंगाकडं एकटक बघायचे, त्यांच्या नजरेत कुठं कमी आहे असं कुणालाही वाटलं नसतं. ते जे बघायचे ते त्यांना दिसत होतं. बाकीचं जग कडेकडेनं विझत चाललं होतं.

मी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

“मला काय कळत न्हाय व्हय?” ती म्हणाली. “वय झालं की माणूस धडकतंय इकडंतिकडं. तू काय बोलू नको. गाडी गेली हातातून तर हा माणूस बसल्या जागी संपल.”

धुरामुळं तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुरामुळंच असेल.

शेळीचं त्यानंतर झालं. गॅरेजातून गाडी आणायला आप्पा आणि मी गेलो होतो. आरसे आत वळवलेले होते, वेड्यासारखे; बाहेर ठेवले की कडेला घासतात, आप्पा म्हणाले होते. रस्ता सोडून ते गाडीतल्या माणसाकडं तोंड करून उभे होते. परतताना गावाच्या फाट्याजवळ रस्त्याच्या डाव्या कडेला एक काळी शेळी उभी होती. लांब कानांची, आमच्याकडं असतात तशी. मी तिला खूप लांबून पाहत होते. ती हलली नाही. सावलीत उभी राहून बाभळीची शेंग चघळत होती. आप्पांनी त्या वळणाला काही विचारलं नाही आणि विचारल्याशिवाय सांगायची मला सवय नव्हती. मला वाटलं, दिसतेय की. इतकी दिसतेय.

धक्का अगदी लहान होता. आप्पांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, “खड्डा दिसला न्हाय.”

मग शेळीचा आवाज आला. तिचा मागचा पाय चाकाखाली गेला होता. शेळीवाली बाई धावत आली, शिव्या देत, रडत. माणसं जमली. आप्पा म्हणाले, एकदम आडवी आली हो. माणसं म्हणाली, शेळीची जातच तशी, अचानक उडी घेतेय. बाईसुद्धा शेवटी तेच म्हणाली. सगळ्यांनी मिळून त्या शेळीला उडी मारायला लावली. ती तिथं कधीपासून उभी होती हे एकट्या मला माहीत होतं.

घर जवळ आलं तेव्हा आप्पा समोर बघतच म्हणाले, “यंदा तू चल माझ्यासंगं. पुढं बस. लहानपणी बसायचीस तशी. डावीकडचं तू बघ.”

थोड्या वेळानं म्हणाले, “एवढी एक खेप. मग बघू.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. मी मान हलवली. मग लक्षात आलं की मी त्यांच्या डावीकडं आहे, मान हलवलेली त्यांना दिसणार नाही. म्हणून “हो” म्हणाले.

यंदाही फाल्गुन तसाच आला आहे. खाली पळस पेटलाय, वर आभाळ राखेसारखं. आता मी नळदुर्गच्या एका लहान शाळेत शिकवते. मुलांच्या परीक्षा सुरू आहेत, वर्गात पेनांची खरखर असते आणि बाहेरून कुठल्यातरी गावाचा कर्णा ऐकू येतो. आमच्या गावाबरोबर आता दुसऱ्याची गाडी जाते, नवी, पांढरी. तिचे आरसे बाहेर आहेत. पण निघण्याआधी सगळे तिला हात लावत प्रदक्षिणा घालतात. टायर चाचपतात, हेडलाइटला हात लावून छातीला लावतात. आप्पांची पद्धत, असंच म्हणतात तिला. ज्यांनी आप्पांना कधी गाडी चालवताना पाहिलं नाही तेही म्हणतात. ते कशासाठी चाचपत होते हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं ते एकदा सांगून झालं आहे.

जुनी पिकअप पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. आप्पा कधी कधी जाऊन आत बसतात. दार लावून घेतात, स्टिअरिंगवर हात ठेवतात, काही करत नाहीत. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंबांनी धरून ठेवायचं. थेंब मी घालते. ते ओट्यावर बसतात, मान मागं टाकतात, डोळे उघडे ठेवतात. त्यांचा सगळा चेहरा माझ्या हातात असतो आणि ते माझ्या चेहऱ्याकडं बघतात, अगदी मधोमध, जिथं अजून दिसतं तिथून.

“झालं?” ते विचारतात.

“झालं.”

आमच्यात बोलणं म्हणाल तर आता एवढंच. बाकीचं ते आईला सांगतात आणि आई मला सांगते. रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

गंगाआत्या त्या वर्षी चालत गेली, नंतरच्या वर्षी निम्म्यातून परत आली. नव्या गाडीची फळी उंच आहे म्हणाली, हात पोचत नाही. एकदा तिच्या टाचांना एरंडेल लावत होते तेव्हा ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “लोक म्हणतेत तू मला वाचवलीस. असल. पण माझ्या भावाला तू चार माणसांत खाली उतरवलीस ना गं.” मग हात तसाच ठेवून बराच वेळ बसली. दोन्ही खरं होतं, आणि आत्याला त्यातलं एकही सोडायचं नव्हतं.

त्या वर्षीची निघायची ती पहाट. अंगणात बल्ब लावले होते. कंबी, म्हणजे खांद्यावरून न्यायची ती सजवलेली काठी, घेतलेली माणसं पुढं उभी होती. टपावरच्या कर्ण्यातून भजन इतक्या जोरात वाजत होतं की काचा थरथरत होत्या. प्रदक्षिणा झाल्या. नारळ फुटला. आप्पा स्टिअरिंगवर बसले, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. मी डावीकडं बसले, मांडीवर पाण्याची बाटली. आत वळवलेल्या एका आरशात मला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी नजर काढून घेतली.

लांबच्या खेपेला निघताना चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांच्यावरून पुढं नेतात. उजव्या चाकाखाली आईनं ठेवलं. डाव्या चाकाखालचं लिंबू आत्याचं असायचं. तिनं ते ठेवलं आणि ते घरंगळलं. ती उठली, आप्पांकडं बघून तिनं हात वर केला, थांब म्हणून. दिव्याच्या उजेडात, काचेच्या डाव्या कोपऱ्यात, तो हात अगदी स्पष्ट होता. आप्पा सरळ समोर कंबीकडं बघत होते. आत्याला वाटलं भावानं पाहिलं. ती खाली वाकली आणि चाकापुढं बसून लिंबू शोधायला लागली.

आप्पांनी गिअर टाकला.

“डावीकडं?” त्यांनी विचारलं.

“थांबा,” मी म्हणाले.

माझा आवाज मलासुद्धा ऐकू आला नाही. भजन त्याच्यावरून निघून गेलं. आप्पांनी माझ्याकडं मान वळवली नाही. त्यांना सवयीचं “मोकळं”च ऐकू आलं असणार, लहानपणापासून बहुतेक वेळा मी तेच उत्तर दिलं होतं. क्लचवरचा त्यांचा पाय सावकाश वर यायला लागला. गाडीच्या अंगातून तो ओळखीचा कंप गेला. ह्याच्या पुढं असे किती पूल, किती बाजार, किती अंधारातल्या पहाटा, किती फळीला धरलेले हात. आणि प्रत्येक ठिकाणी मधे एवढाच माझा आवाज.

मी हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. मग कर्ण्याचं बटण बंद केलं. अंगणात एकदम इतकी शांतता झाली की दुरडीतल्या भाकऱ्या करकरल्या तेही ऐकू आलं. सगळी माणसं गाडीकडं बघायला लागली. आईनं तोंडावर पदर धरला. माझ्या मनात ते वाक्य आधी इंग्रजीत आलं, मग शाळेतल्या पुस्तकासारखं आलं, आणि दोन्ही गिळून मी साधं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले,

“आप्पा, डावीकडं आत्या आहे. मघापासून तिथंच आहे. तुम्हाला दिसत नाही. खाली उतरा.”